मावशीचं ‘आहे’

हॉलमधल्या पोरी तिला मावशी म्हणत, पोरींच्या आया मावशी म्हणत, बापही मावशीच म्हणत. तिच्याहून वयाने चांगला थोर असलेला वॉचमन, ज्याला कवळी घरी विसरली की ‘श’ म्हणता येत नसे, तोही ‘मावही, मावही’ करत किल्ल्या घेऊन मागे फिरे. कारण अगदी साधं होतं. तिच्या हाताखाली जिम्नॅस्टिक्स शिकायला आलेली पहिली पोर तिची सख्खी भाची होती. ती हाक मारायची मावशी. दुसरी आली, तिने तेच ऐकलं आणि उचललं, मग तिसरीने. अशा रीतीने बाईला एका भाचीवर शेकड्याने भाच्या फुकट मिळाल्या, आणि त्यांतल्या एकीचेही लाड करायचे नाहीत असं तिने ठरवून टाकलं होतं. ते तिला जमलं का, हे विचारू नका.

हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. उंच पत्र्याचं छत, छताखाली लोखंडी तुळया, भिंतीत पार वरती खिडक्या, त्यामुळे उजेड यायचा पण बाहेरचं काही दिसायचं नाही. पोरींनी आत यायच्या आधी मावशी एकटीच सगळीकडे फेरी मारी. घाई म्हणून नाही. कुणी शेतावर फिरावं, कुणी दुकानातली मांडणी नीट करावी, तशी ती आपली फिरे. बारच्या तारा ओढून बघे, जमिनीतले हूक चपलेच्या टोकाने ढोसून बघे, बीमच्या पायांखालचे रबर जागेवर आहेत ना ते वाकून बघे. दोन मॅटच्या मध्ये फट दिसली की तिचं टाळकं सरके. ‘इथे कुणाचा तरी घोटा राहायला येणार,’ असं पुटपुटत ती पायाने मॅट सरकवून फट बुजवी. वॉचमनला ते वाक्य इतकं पाठ झालं होतं की घरी दाराची फट दिसली तरी तो तेच म्हणे, आणि बायकोच्या शिव्या खाई.

पट्टे, हातात चढवायच्या चामडी ग्रिपा, दोऱ्या यांच्या बाबतीत तर बाई कुणाचं ऐकत नसे. रिंगांचा पट्टा एका बाजूने जरासा उसवलेला दिसला आणि मॅनेजर म्हणाले, अजून वर्षभर सहज चालेल. मावशीने कात्री आणली आणि त्यांच्या देखत पट्टा कापून दोन तुकडे करून त्यांच्या हातात दिला.

‘चालेल ते चालेलच,’ ती म्हणाली, ‘पण धरेल का?’

मॅनेजर बिचारे तुकडे खिशात घालून गेले. वाईट माणूस नव्हता तो. पण कापलेला पट्टा पुन्हा कुणी चुकून लावू शकत नाही, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं.

आता त्या शब्दाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या शब्दाचीच आहे. वरच्या बारला पोर लटकलेली असते तेव्हा तिला खाली कोण उभं आहे ते दिसत नाही. तिचं डोकं दोन दंडांच्या मध्ये, नजर समोर. मग हात सोडायच्या आधी ती विचारते, ‘आहे?’ आणि खाली धरायला उभं असलेलं माणूस म्हणतं, ‘आहे.’ झालं, एवढंच. पण मावशीच्या हॉलमध्ये नव्या मुलीला पहिल्या दिवशी बारला हात लावू देत नसत, आधी हा शब्द शिकवत. पाय रोवायचे, खालची मॅट बघायची, दोन्ही हात वर घ्यायचे, डोळे पोरीवर ठेवायचे आणि हे सगळं झालं की मगच तोंड उघडायचं. हा शब्द तोंडाने नाही, हाताने म्हणायचा असतो, असं ती सांगे. ‘हो हो’ चालत नसे. ‘असेन की’ चालत नसे. एकदा एका हौशी बापाने आपल्या लेकीखाली उभं राहून मोठ्या झोकात ‘आहे ना’ म्हटलं, तर मावशीने त्याला बाकावर नेऊन बसवलं. ‘ना’ कशाला लावलात, काही शंका आहे का, असं तिने विचारलं. तो बाप पुढे तीन-चार वेळा आला, पण बाकावरून उठला नाही.

असं सगळं चाललेलं असताना तिचा उजवा खांदा गेला. पडली-बिडली नाही. सगळ्यात जाड गादी एकटीने ओढत होती आणि आत काहीतरी ‘टक्’ झालं. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू फाटलाय. औषधाने दुखणं कमी होईल, व्यायामाने हात जरा मोकळा होईल, पण पूर्वीसारखा भार पेलायचा विचार सोडा. मावशीने दुखणं तेवढं ऐकलं, बाकीचं त्यांच्या टेबलावरच ठेवून आली.

हात छातीपर्यंत जाई, पुढे जात नसे. पंचाईत पहिल्यांदा झाली ती वेणीची. तिचा नवरा, म्हणजे अर्थातच अख्ख्या हॉलचे काका, सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड लावायचं काम करत. हॉलच्या फाटलेल्या मॅटही तेच शिवून देत. आता रोज सकाळी ते बायकोच्या मागे स्टूल घेऊन बसू लागले आणि आयुष्यभर रेक्झीनला ओढ द्यायची ज्या हातांना सवय झाली होती, त्या हातांनी तिची वेणी घालू लागले. भुवया वर ओढल्या जातील इतकी घट्ट. मावशी कुरकुर करी, पण दुसरं कोण होतं घालायला? भाचीला सांगायची सोय नव्हती, कारण भाचीला कळता कामा नये अशी तिने काकांना शपथ घातली होती.

‘कळलं तर काय होईल?’ काकांनी एकदा विचारलं.

तिला नीट माहीत होतं काय होईल. तिला खुर्ची मिळेल. खुर्चीत बसून शिट्टी फुंकणारे कोच तिने उमेदीच्या वयात पाहिले होते आणि त्यांची यथेच्छ टिंगलही केली होती. भाची आता स्वतः चांगली शिकवत होती, सगळा कारभार हळूहळू तिच्याकडे जात होता, ते मावशीला पटतही होतं. पण बारखालची जागा तिने अजून सोडली नव्हती. आपण म्हणजे ते हात, असंच तिला वाटे. हात नाहीत म्हटल्यावर मग मावशी उरली किती?

शिवाय टाचणी होती. टाचणी म्हणजे हॉलमधली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात टोकदार मुलगी. ती त्या दिवसांत नवी उडी शिकत होती. वरच्या बारवरून झोका घेऊन हात सोडायचे, हवेत वळायचं आणि तोच बार पुन्हा धरायचा. भाची खाली उभी असली की टाचणी नुसतीच लटकून राही, हात काही सुटत नसत. मावशीने ‘आहे’ म्हटलं की सुटत. स्पर्धा तोंडावर आली होती. तेवढी होऊन जाऊ दे, मग सांगू, अशी मावशीने मनाची समजूत घातली. डावा हात तर शाबूत आहे, उजवा छातीपर्यंत तर जातोच, आणि टाचणी पडतेय कशाला? अशी कारणं माणसाला बसल्या जागी सुचतात, त्यासाठी डोकं चालवावं लागत नाही.

आणि टाचणी खरोखरच पडत नव्हती. ती विचारी, ‘आहे?’ मावशी म्हणे, ‘आहे.’ पोर सुटे, वळे, बार धरे. मावशीच्या हाताला काही कामच पडत नसे. खांदा ठणके तो फक्त वर बघून.

मग एका संध्याकाळी टाचणीची बोटं बारला लागली आणि निसटली.

मावशीचा डावा हात वर होताच. उजव्याला तिने हुकूम सोडला, पण तो जागचा हलला नाही. मग ती अंगानेच खाली घुसली आणि पोर तिच्या छातीवर आदळून दोघी जाड गादीवर पसरल्या. टाचणी उठून बसली, पाठीला हात लावून बघितलं आणि हसायला लागली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, टाळ्या पडल्या. भाची धावत आली, मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली, की हे फक्त तूच करू जाणे. टाचणीच्या आईने तर डोळ्यांत पाणी आणून तिचा नेमका उजवा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला, आणि मावशीने कळ जिरवत हसून दाखवलं. वॉचमनने ती हकीकत रस्ताभर सांगितली आणि दर घराला थोडी वाढवली. चौथ्या घराला पोहोचेपर्यंत मावशीने टाचणीला छताजवळ झेललं होतं.

हे सगळं कौतुक मावशीच्या घशाखाली उतरेना. घरी आली ती तडक काकांच्या कारखान्यात, म्हणजे मागच्या खोलीत जाऊन बसली. काका एका मॅटचा उसवलेला कोपरा शिवत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

‘आणि हात?’ त्यांनी विचारलं.

‘हात नव्हता,’ ती म्हणाली.

‘म्हणजे तिला गादीने धरलं.’

‘हो.’

‘मग सत्कार माझा व्हायला हवा. शिवण माझी आहे.’

मावशी हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर तिने ते आवरलं नाही. पोर पडताना तिला भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. टाचणी हातभर बाजूला पडली असती तर? गादीची कड होती तिथे. काकांनी दाताने दोरा तोडला, तिच्याजवळ येऊन बसले आणि बराच वेळ तिचा दुखरा खांदा चोळत राहिले. करायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ते एवढं तर शिकले होते.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे फेरीला निघाली. तारा ओढल्या. हूक पाहिले. एक फट बुजवली. रिंगांचे नवे पट्टे हाताने ताणले. फेरी संपली आणि तरी काहीतरी तपासायचं राहिलं आहे असं तिला वाटत राहिलं. मग ती भिंतीजवळ गेली. तिथे पोरींची उंची वाढली की खडूने रेघा मारत. भिंतीला टेकून तिने उजवा हात वर सरकवला. सगळ्यात लहान मुलीच्या रेघेशी तो थांबला. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा जोर लावला, पण तो तिथेच.

चालेल ते चालेलच, पण धरेल का? हे दुसऱ्याच्या पट्ट्याला विचारायला तिला कधी जड गेलं नव्हतं.

लोक असं म्हणतात की जबाबदारी टाळायची असली की माणूस हात वर करतो. मावशीची अडचण अशी झाली होती की तिला दोन्ही अर्थांनी हात वर करता येत नव्हते.

संध्याकाळी टाचणी हातांना पावडर लावून बारवर गेली. कालच्या पडण्याने घाबरली तर नव्हतीच, उलट चेव आला होता. मावशी खाली जागेवर उभी राहिली, कारण सगळ्यांच्या अंगवळणी तेच होतं आणि तिच्या पायांच्याही. टाचणीने झोका घेतला.

‘आहे?’

मावशीने हात वर घेतले नाहीत.

टाचणीने आणखी एक झोका घेतला. ‘आहे?’

‘नाही,’ मावशी म्हणाली.

त्या हॉलमध्ये हा शब्द बारखालून कधी कुणी ऐकला नव्हता. पलीकडे बीमवर चालणारी पोर मध्येच थांबली. भाचीने मान वळवली. टाचणीचा झोका आपोआप मंद होत गेला आणि ती नुसती लोंबत राहिली, धुतलेल्या कपड्यासारखी. शेवटी तिने विचारलं, ‘मावशी, काय नाही?’

‘मी नाही. खाली उतर.’

ती उतरली. मावशीने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हात जिथवर जात होता तिथवर नेऊन दाखवला. भाषण वगैरे तिने केलं नाही. काल हिला मी धरलं नाही, गादीने धरलं, एवढं तिने सांगितलं. कित्येक आठवडे मी ‘आहे’ म्हणत होते आणि मी नव्हते, हेही सांगितलं.

भाचीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. ती काय काय बोलणार होती कोण जाणे, पण तिची नजर मावशीच्या केसांकडे गेली आणि तिच्या तोंडून एवढंच आलं, की म्हणजे ती वेणी काका घालत होते. एक-दोन पोरी फिस्सकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. कारण टाचणी हसत नव्हती.

‘मी तुला विचारून बार सोडला होता,’ टाचणी म्हणाली.

टाचणीने ग्रिपा काढल्या, पिशवीत कोंबल्या आणि ती आईबरोबर घरी गेली. मावशीला कुणी तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मॅनेजर ओरडले असते, भाचीने अबोला धरला असता, तेही तिने सोसलं असतं. पण पोरीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि खऱ्या बोलण्यापुढे काय करणार?

टाचणी पुढल्या आठवड्यात परत आली, पण ती पहिली टाचणी नव्हती. वरच्या बारवर चढेना. त्या स्पर्धेत ती बिनउडीची उतरली आणि मधल्याच कुठल्या तरी नंबरावर आली. भाची तिच्याबरोबर पहिल्यापासून सुरुवात करत होती, खालच्या बारवर, लहान झोके, दर वेळी हाताने हात धरून. मावशीशी टाचणी बोले, नाही असं नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देई, ‘मावशी’ही म्हणे. पण तिच्या अंगाखांद्यावर लोळणारी पोर आता दोन हात लांबून बोले, आणि ते अंतर मावशीला रोज बोचे. तिने ते बुजवायची घाई केली नाही. ही फट काही पायाने सरकवून बुजणारी नव्हती.

खुर्चीत मात्र ती बसली नाही. भाचीनेच आणून ठेवली होती, चांगली गादी लावलेली, शिवण अर्थातच काकांची. तिच्यावर वॉचमन बसू लागला. मावशी फिरत राही. फेरी आता सकाळ-संध्याकाळ दोनदा होई. आणि एक नवी गोष्ट हॉलमध्ये आपोआप शिरली होती. पोरी ‘नाही’ म्हणायला लागल्या. एका चिमुरडीने बीमवर चढायच्या आधी ‘नाही’ म्हटलं, घोटा दुखतोय असं तिने आदल्या दिवसापासून कुणाला सांगितलं नव्हतं. भाची एकदा डोकं दुखत असताना उड्या मारायच्या टेबलापाशी धरायला उभी होती, तिनेही ‘नाही’ म्हटलं आणि दुसरीला उभं केलं. कुणी कुणाला का म्हणून विचारत नसे. मावशीने हा नियम भिंतीवर लिहिला नाही की कुणाला सांगितलाही नाही. तिने फक्त एकदा सगळ्यांसमोर तो शब्द उच्चारला होता.

रिंगांचे पट्टे वर तुळईला जिथे अडकवलेले असत, ती जागा मधूनमधून शिडी लावून बघावी लागे. हे काम मावशीने कधी दुसऱ्याला दिलं नव्हतं. शिडी धरायला वॉचमन असे, म्हणजे शिडीला हात लावून तो दुसरीकडे बघत असे. त्या दुपारी तोही नव्हता, आणि भाची यायची होती. तिची वाट बघायला हवी होती, हे मावशीलाही कळत होतं. पण सवय म्हणजे सवय. ती हळूहळू चढली. वरच्या पायरीशी आल्यावर लक्षात आलं की पट्ट्याची कडी हलवून बघायला डावा हात लागणार, आणि डाव्यानेच तर शिडी धरली होती. उजव्याचा भरवसा नव्हता. ती तशीच थांबली, ना वर ना खाली. या वयात, या अंगाने, आपल्याच हॉलमध्ये आपण अडकलो याचं तिला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

खाली पावलं वाजली. लवकर आलेलं कुणीतरी दारातून आत आलं, पिशवी टाकली आणि शिडीजवळ येऊन उभं राहिलं. मावशीला मान वळवून बघता येत नव्हतं. पण पावलं तिला ओळखू आली. अशी टोकावर चालणारी एकच पोर होती.

आयुष्यभर मावशीने त्या शब्दाचं उत्तर दिलं होतं. विचारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

‘आहे?’ तिने विचारलं.

उत्तर आलं नाही. तिने कान दिला. खाली मॅट सरकल्याचा आवाज झाला, मग दुसरी मॅट पहिलीला येऊन भिडली, मग पायाने फट बुजवल्याचा आवाज आला. शिडीचा पाय कुणीतरी दाबून बघितला. मावशी वाट बघत राहिली. जितका उशीर होत होता तितकं तिला बरं वाटत होतं, कारण पोर सवयीने बोलत नव्हती, बघून बोलणार होती. शेवटी दोन बारीक हात खालून तिच्या दिशेने वर झाले, ते तिला न बघताच कळलं.

‘आहे,’ टाचणी म्हणाली.

मावशीने शिडी सोडली आणि डावा हात वर नेला.